फ्रँक चर्चिलचे अपराध कोणी पोटात घातले?

प्रश्न असा आला आहे: "जेन ऑस्टेनची ‘एमा’ नुकतीच वाचून संपवली. फ्रँक चर्चिल सगळ्या गावाला बनवतो, एका मुलीचा जीव टांगणीला लावतो, दुसरीला ढालीसारखी पुढे करतो आणि शेवटी एक लांबलचक पत्र लिहून मोकळा होतो. तरी सगळे त्याला माफ करतात. का? लेखिकेला शेवट गोड करायची घाई झाली होती का?"

घाई अजिबात झालेली नाही. तुम्हाला जे खटकलं ते लेखिकेला आधीच खटकलेलं आहे, आणि तिने ते एका पात्राच्या तोंडी घालूनही ठेवलं आहे. एकोणपन्नासाव्या प्रकरणात नायिका एमाचे जुने स्नेही मिस्टर नाइटली चिडून फ्रँकच्या नशिबाचा पाढा वाचतात. आशय असा: पोरगी भेटली, तिचं मन जिंकलं, हेळसांड करूनही ती कंटाळली नाही; आत्या आडवी येत होती, तर आत्या मेली; आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश; सगळ्यांशी वाईट वागला, आणि सगळे त्याला माफ करायला आनंदाने तयार! (ही आत्या म्हणजे त्याची मामी, पण इंग्रजीत सगळ्या एकाच शब्दात कोंबलेल्या असतात. वर्गात आधी नाती फळ्यावर मांडल्याशिवाय मी ही कादंबरी कधी सुरू केली नाही.)

म्हणजे तुमचा प्रश्न पुस्तकातच आहे. त्याचं उत्तरही तिथेच आहे, फक्त एका जागी नाही. मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात २८ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं ‘एमा’ शेवटच्या वर्षाला लावलेली होती. पहिली दोन-तीन वर्षं मीसुद्धा "विनोदी कादंबरी आहे, शेवटी सगळं सुरळीत होणारच" असं सांगून हा भाग उरकत असे. ते चूक होतं.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही किंवा विसरलेलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १८१५ च्या डिसेंबरमध्ये बाहेर आली, मुखपृष्ठावर मात्र साल १८१६ छापलं. हायबरी नावाचं लंडनपासून सोळा मैलांवरचं गाव. तिथल्या मिस्टर वेस्टन यांचा मुलगा फ्रँक. लहानपणीच आई गेली, तेव्हा यॉर्कशरच्या श्रीमंत मामा-मामीने त्याला नेलं, वाढवलं, आपलं आडनाव दिलं. इस्टेट मिळणार ती मामीची मर्जी राहिली तरच, आणि मामी खडूस. ऑक्टोबरमध्ये वेमथला, समुद्रकाठी, त्याने जेन फेअरफॅक्सला लग्नाचं वचन दिलं आणि तिचं घेतलं. हे सगळं गुपचूप. जेन अनाथ, हुशार, देखणी, पियानोत तरबेज, आणि हाती वडिलांचे जेमतेम काहीशे पौंड. लग्न झालं नाही तर गव्हर्नेस म्हणून परक्याच्या घरी पोरं शिकवायला जायचं, हे तिचं ठरलेलं भविष्य. तुलनेला एमाकडे बघा: तिच्या नावावर तीस हजार.

फेब्रुवारीत फ्रँक हायबरीला येतो, कारण जेन तिथे आजी आणि मावशी मिस बेट्स यांच्याकडे राहायला आलेली असते. गुपित फुटू नये म्हणून तो एमाच्या मागेपुढे करतो. एमाला एक खुळचट संशय असतो की जेनचं तिच्या मैत्रिणीच्या नवऱ्याशी, डिक्सनशी, काहीतरी आहे. फ्रँकला खरं ठाऊक असतं. तरी तो त्या संशयाला खतपाणी घालतो, एमाबरोबर हसतो. केस कापायला म्हणून लंडनला जातो आणि जेनला निनावी पियानो पाठवतो. गाव महिनाभर त्या पियानोची चर्चा करतं, आणि ज्या घरात ती चर्चा होते तिथे जेन मान खाली घालून बसलेली असते. स्वतःच्या होणाऱ्या बायकोच्या बदनामीची कुजबुज करून करमणूक करून घेणं, हा माझ्या मते त्याचा मुख्य गुन्हा. बाकीचं तरुणपण, परावलंबन, मामीची भीती या सदरांत बसवता येतं. हे बसत नाही.

आता माफीकडे येऊ. आपल्या भाषेत याला तीन-चार वेगळे शब्द आहेत ही मोठी सोय आहे. ‘माफ करणं’ म्हणजे हिशेब सोडून देणं; कर्जही माफ होतं. ‘क्षमा’ करायला करणारा थोडा वरच्या पायरीवर असावा लागतो. ‘सांभाळून घेणं’ हे घरातल्या माणसाचं. आणि ‘अपराध पोटात घालणं’ वेगळंच, कारण त्यात अपराध नाहीसा होत नाही. तो फक्त एकाकडून दुसऱ्याच्या पोटात जातो. फ्रँकला ‘माफ’ करणारे चार-पाच जण आहेत. त्याचा अपराध पोटात घालणारी एकच. हा फरक डोळ्यांसमोर ठेवून ती शेवटची दहा प्रकरणं पुन्हा वाचली की लेखिकेने काय करून ठेवलंय ते दिसतं.

बापापासून सुरुवात करू. मिस्टर वेस्टन यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. मुलगा परक्या घरी वाढला, तो एकदा आपल्या उंबऱ्याला लागावा एवढीच त्यांची भूक. असा बाप काय न्याय करणार? पाच मिनिटं गंभीर चेहरा करतात, एमाला तिच्या घरी पोहोचवेपर्यंत पुन्हा हसत असतात.

मिसेस वेस्टन जास्त लक्ष देण्याजोग्या. त्या एमाच्या जुन्या गव्हर्नेस, आता फ्रँकच्या सावत्र आई. फ्रँक आणि एमाचं जमावं ही नवराबायकोची मनातली इच्छा होती. म्हणून फ्रँक-जेनचं गुपित कळतं तेव्हा त्यांना पहिली धास्ती जेनची नसते, एमाची असते: हिचं मन मोडलं असेल तर? छेचाळिसाव्या प्रकरणात त्या एमाला बोलावून घेतात, सांगताना त्यांचा आवाज कापतो. एमा म्हणते, माझं त्याच्यावर प्रेम नाही, मध्यंतरी थोडं वाटलं होतं, ते केव्हाच संपलं. मिसेस वेस्टन आनंदाने रडतात आणि तिचे मुके घेतात. पुढे माफीची अडचण कसली? जी भीती होती ती खोटी ठरली आणि त्या सुटकेच्या भरात आरोपीही सुटला. दुसऱ्या बाजूला एक मुलगी नऊ महिने होरपळली याचा विचार त्या करत नाहीत असं नाही. करतात, पण सुटकेचा निःश्वास टाकल्यानंतर.

घरोघरी आपण हे पाहिलेलं असतं. मुलाने गाडी ठोकली असा फोन आला की आधी ‘त्याला लागलं का?’ विचारलं जातं, आणि ‘नाही’ ऐकलं की समोरच्या रिक्षावाल्याचं काय झालं ते विचारायला पाच मिनिटं जातात. मिसेस वेस्टन वाईट बाई नाहीत. त्या फक्त आधी आपल्या माणसाचं बघतात.

नाइटली म्हणजे कादंबरीतला न्यायाधीश. सुरुवातीपासून फ्रँकला ओळखून आहेत, अठराव्या प्रकरणात, तो गावात यायच्याही आधी, त्यांनी निकाल देऊन टाकलेला: माणसाला कर्तव्य करायचंच असेल तर ते केव्हाही करता येतं. पण त्यांच्या कठोरपणात मत्सराचं किती पाणी आहे हे लेखिका लपवत नाही. वर जो नशिबाचा पाढा सांगितला, त्यानंतर लगेच ते म्हणतात की एका बाबतीत मला त्याचा हेवा वाटतो. पुढच्या काही मिनिटांत एमा त्यांची होते. तिथे ऑस्टेनने एक परिच्छेद लिहिला आहे, त्याच्यावरून मी अख्खं पुस्तक ओवाळून टाकीन. आशय असा: ते आले तेव्हा एमा खिन्न दिसली, म्हणजे फ्रँक चर्चिल नीच. तिने सांगितलं की तिचं त्याच्यावर कधीच प्रेम नव्हतं, म्हणजे फ्रँक अगदीच हाताबाहेर गेलेला नाही. ती त्यांची झाली, आणि त्या क्षणी त्यांना फ्रँक आठवलाच असता, तर तो बरा माणूस आहे असंच त्यांनी म्हटलं असतं.

तीन वाक्यांत निकाल दोनदा फिरला. पुरावा तोच, आरोपी तोच. बदललं फक्त न्यायाधीशाचं नशीब.

आता ते पत्र. पन्नासावं प्रकरण जवळजवळ पूर्ण म्हणजे फ्रँकने सावत्र आईला लिहिलेलं पत्र. मी वर्गात एक खेळ करायचे. अर्ध्या मुलांना फक्त पन्नासावं प्रकरण वाचायला द्यायचं, अर्ध्यांना एक्कावन्नावं, ज्यात नाइटली तेच पत्र मधेमधे थांबून, शेरे मारत वाचतात. मग विचारायचं, माणूस कसा वाटला? पहिल्या गटातले बहुतेक विरघळलेले असायचे. दुसऱ्या गटातले हसत असायचे. पत्र एकच. सलग वाचलं की त्याच्या लयीत माणूस वाहत जातो. कोणीतरी दर दोन ओळींनी ‘हं’ म्हणत बसलं की प्रत्येक वाक्याच्या खाली काय आहे ते दिसतं. पियानोपाशी नाइटली म्हणतात, हे फार फार कोवळ्या वयाच्या पोराचं काम. आनंदापेक्षा अडचण जास्त होईल का, एवढाही विचार नाही. फ्रँक लिहितो की मी लाजिरवाणं वागलो, त्यावर यांचा शेरा: याहून खरी ओळ तू कधी लिहिली नाहीस.

पण न्यायाधीश त्या दिवशीही पूर्ण न्यायासनावर नाहीत बरं का! त्यांना एमाशी लग्नाचं बोलायचं आहे, तिच्या म्हाताऱ्या वडिलांना सोडून ती कशी येणार हा पेच डोक्यात आहे. पत्र घरी नेऊन वाचतो म्हणतात, एमा म्हणते आत्ताच वाचा, संध्याकाळी मिसेस वेस्टनना परत द्यायचंय. मग ते मोठ्याने वाचतात, कारण तेवढंच तिच्याजवळ असल्यासारखं वाटतं. पत्र उरकायचं आहे. उरकताना दिलेली शिक्षा कधी फार कडक नसते.

एमाचं काय होतं ते त्याहून मजेदार. पत्र वाचायची तिची इच्छा नसते. मिसेस वेस्टनच्या आग्रहाखातर सुरू करते. स्वतःचं नाव येतं आणि मग सोडवत नाही. तिच्याविषयीची प्रत्येक ओळ तिला वाचनीय वाटते, आणि जवळजवळ प्रत्येक ओळ आवडते. तो भाग संपल्यावरही आधीचा जिव्हाळा टिकून राहतो. शेवटी ती म्हणते: चुकला, पण वाटलं होतं तेवढा नाही; आणि त्याने सोसलंय, त्याला वाईट वाटतंय. फ्रँकला लोकांची नाडी कळते ती अशी. समोरच्याला पत्रात त्याच्या आवडीचा आरसा मिळाला पाहिजे. आपण म्हणतो ना, जिभेवर साखर. त्याच्या बोरूच्या टोकावर होती.

आणि हे काही नवीन नाही. वडिलांचं लग्न सप्टेंबरमध्ये झालं तेव्हा हा पठ्ठ्या नव्या आईला भेटायला आला नव्हता. पत्र पाठवलं होतं. दुसऱ्याच प्रकरणात सगळं हायबरी त्या ‘सुरेख पत्रा’ची तारीफ करत फिरतं. ज्याने पायाने यायला हवं तिथे तो शाईने येतो, आणि गाव ते चालवून घेतं. शेवटचं पत्र हे त्या पहिल्या पत्राची मोठी आवृत्ती आहे. गावाला सवयच लागलेली आहे.

एमाच्या माफीत आणखी एक थर आहे. आधी ती खवळलेली असते: ढोंग, हेरगिरी, विश्वासघात, असे शब्द वापरते. पण तेव्हा तिची समजूत असते की आपली मैत्रीण हॅरिएट फ्रँकच्या प्रेमात आहे आणि ते आपणच तिच्या मनात भरवलं. हॅरिएटचं मन दुसरीकडेच आहे हे पुढच्याच प्रकरणात कळतं आणि फ्रँकवरचा राग कुठच्या कुठे जातो, कारण आता स्वतःवरचाच पुरत नाही. जेनविषयी तो गलिच्छ संशय प्रथम कोणाच्या डोक्यात आला? एमाच्या. फ्रँकने फक्त त्याला टाळी दिली. त्याला फासावर चढवायचं तर शेजारचा दोर स्वतःसाठी बांधावा लागेल. चोपन्नाव्या प्रकरणात दोघं समोरासमोर येतात तेव्हा ती हसत म्हणतेच की आम्हा सगळ्यांना बनवण्यात तुला मजा आली असणार, कारण तुझ्या जागी मी असते तर मलाही आली असती. आपण दोघं थोडे सारखेच. माझ्या मते तिच्या माफीतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच. भागीदार भागीदाराला सोडतो.

तरी एमाला एक श्रेय द्यायलाच हवं. बॉक्स हिलच्या सहलीत ती गरीब मिस बेट्सचा सर्वांदेखत अपमान करते, नाइटली तिला खडसावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः चालत त्या घरी जाते. पत्र धाडत नाही. पुढे जेन आजारी पडते तेव्हा ही आरारूट पाठवते, जेन ते परत करते. भेटायला जाते, जेन भेटत नाही. आणि त्याच दुपारी जेन शेतातून एकटी भटकताना कोणाला तरी दिसते. एमाला ते लागतं, पण ती गप्प सोसते. ज्याला माफी मागायची आहे त्याच्या तोंडावर दार लागणं हाही मागण्याचाच भाग असतो. फ्रँकच्या तोंडावर या कादंबरीत एकही दार लागत नाही.

एक दार मात्र लागलं होतं, आणि तिथे जेन आहे.

जेनला आपण आतून कधीच पाहत नाही. लेखिका आपल्याला एमाच्या डोक्यात बसवते आणि तिथून जेन थंड, अबोल, जरा कंटाळवाणी वाटते. म्हणून पहिल्या वाचनात आपणही फ्रँकला सहज सोडतो. ज्याचं दुखतंय त्याचा आवाजच आपल्यापर्यंत आलेला नसतो. दुसऱ्या वाचनात पुस्तक उलटं होतं. चौतिसाव्या प्रकरणात जेन पावसातून पोस्टात जाते. नुसती चालायला गेले होते म्हणते. गावच्या पाद्रीची बायको मिसेस एल्टन मागे लागतात: आमचा नोकर तुमची पत्रं आणील, उद्यापासून तुम्ही जायचं नाही. आणि ही एरवीची मवाळ मुलगी ठामपणे नाही म्हणते, मग विषय बदलायला टपालखात्याचं कौतुक करत सुटते. त्या काळात लग्नाचं वचन झाल्याशिवाय तरुण मुलीने परपुरुषाशी पत्रव्यवहार करायचा नसे. पाकीट दुसऱ्याच्या हाती पडलं की गुपित फुटलं. त्यातून टपालाचे पैसे तेव्हा सहसा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. यॉर्कशरहून आलेलं पत्र म्हणजे स्वस्त प्रकरण नव्हे, आणि तिच्या आजीचं घर म्हणजे शेजाऱ्यांकडून आलेल्या सफरचंदांवर आनंद मानणारं. फ्रँकच्या गोड ओळींचा खर्च कुठून जात होता याचा विचार आमच्या वर्गात एका मुलीने पहिल्यांदा बोलून दाखवला. तिच्या घरी फोनचं रिचार्ज मोजून होत असे. मी इतकी वर्षं शिकवत होते, मला सुचलं नव्हतं.

त्याच बॉक्स हिलवर, सगळ्यांच्या देखत, जेन नातं तोडते आणि कोणालाच कळत नाही. फ्रँक कोणा जोडप्याच्या निमित्ताने बोलतो की थोड्या ओळखीवर लग्न करून किती जण जन्मभर पस्तावले. जेन उत्तर देते. तिचं म्हणणं असं: घाईत जुळलेलं नातं असू शकतं, पण त्यातून सावरायला वेळही असतो, जन्मभर ओझं वाहतात ते दुबळे, धरसोडीचे लोक. ऐकणाऱ्यांना वाटतं गप्पा चालल्यात. फ्रँक नुसता मान लवून ते ऐकून घेतो आणि लगेच वळून एमाला म्हणतो, माझ्यासाठी बायको तू शोध! त्याच संध्याकाळी जेन गव्हर्नेसची नोकरी पत्करते.

मग पियानो. मिस बेट्सच्या अखंड बडबडीत ते येऊन जातं, चव्वेचाळिसाव्या प्रकरणात. जेन त्या पियानोकडे पाहून म्हणाली म्हणे, तुला जावं लागेल; तुझं-माझं इथे संपलं. मावशी बिचारी अजून समजते की पियानो जेनला वाढवणाऱ्या कर्नल कॅम्पबेलच्या घरून आला. ती सांगतेय, एमा ऐकतेय, दोघींनाही अर्थ ठाऊक नाही. या कादंबरीतलं सगळ्यात मोठं दुःख एका विनोदी पात्राच्या लांबलचक बोलण्यात दोन वाक्यांत निघून जातं.

जेन पत्राने वचन मोडते. ते फ्रँकला मिळतं तो मामीच्या मृत्यूचा दिवस. तो लगेच उत्तर लिहितो, आणि गडबडीत ते त्याच्याच मेजात कुलपाआड राहतं. दिवस जातात. उत्तर नाही म्हणून जेन त्याची सगळी पत्रं पार्सलने परत पाठवते आणि लिहिते की माझी मला मिळाली नाहीत तर ब्रिस्टलजवळच्या अमुक पत्त्यावर धाडावीत. तो पत्ता तिच्या नव्या मालकिणीचा. पत्रांचा बादशहा, आणि आयुष्यातलं एकमेव गरजेचं पत्र टाकायला विसरला! ऑस्टेनला हसू आलं असणार हे लिहिताना, पण ते प्रेमळ हसू नव्हे.

मग तो धावतो. मामाची परवानगी काढतो, हायबरीला येतो, जेनला एकटीला गाठतो. आता, वाचक म्हणून आपल्याला जो प्रसंग बघायचा होता तो हाच. ती काय बोलली? रडली का, ओरडली का? लेखिका तो दाखवत नाही. त्याच्याबद्दल आहे ते एवढंच, फ्रँकच्याच पत्रात: तिची बरीच रास्त, बरीच न्याय्य नाराजी मला समजावून दूर करावी लागली, पण ते झालं, आमचा समेट झाला. संपलं. ज्या एका माफीला खरी किंमत पडली तिचं वर्णन अपराध्याच्या हस्ताक्षरात दीड ओळीचं.

जेनने का सोडलं त्याची कारणं उघड आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. प्रेम होतंच, अठ्ठाविसाव्या प्रकरणात फ्रँक तिला पियानोवरून चिडवतो तेव्हा ती लाल होते आणि तिच्या ओठांवर चोरटं हसू येतं, ते एमा चुकीचं वाचते. ती नुसती बिचारी नव्हती, त्या चोरट्या खेळात तिलाही क्षणभर गोडी होती. दुसरीकडे ब्रिस्टलजवळचं ते घर होतं. गव्हर्नेसच्या धंद्याला तिने एकदा माणसाच्या मांसाचा नव्हे, पण बुद्धीचा बाजार म्हटलेलं आहे. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत जास्त छळतं: ती स्वतःलाच दोषी धरते. मिसेस वेस्टनना ती सांगते की वचन दिल्यापासून एक तासही मनाला शांती नव्हती, आणि मी चुकीचं वागले ते वागलेच, त्याला सबब नाही. जो स्वतःला आरोपी समजतो तो दुसऱ्यावर खटला कसा भरणार? फ्रँकने तिच्यावर किती अन्याय केला यापेक्षा आपण किती चुकलो याची यादी तिच्याकडे लांब होती.

फ्रँकच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर मी त्याला विनाकारण खलनायक केल्यासारखं होईल. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पैशावर, एका लहरी बाईची मर्जी सांभाळत वाढलेल्या मुलाला खरं बोलायची सवय लागत नाही. त्याला वेळ मारून न्यायला येतं, कारण लहानपणापासून तेच करावं लागलं. आपल्याकडे दत्तक गेलेल्या किंवा मामाकडे वाढलेल्या मुलांत हा गोडवा आणि ही सावध नजर मी पाहिली आहे. जेनही परक्या घरी वाढली, तिने मौन शिकून घेतलं. याने गोड बोलणं. दोघांना एकमेकांत काय दिसलं असेल याचं उत्तर मला तिथे सापडतं. तेव्हा तो दुष्ट नाही. आपल्या विनोदाची किंमत दुसरं कोणीतरी भरतंय हे त्याला दिसतच नाही, आणि दाखवून द्यावं असं कोणाला वाटतही नाही.

‘मग लेखिकेने त्याला शिक्षा का दिली नाही?’ हे मुलं हमखास विचारायची. चोपन्नावं प्रकरण नीट वाचा. वेस्टनांच्या घरी, रँडल्सला, सगळे जमलेत. फ्रँक एमाजवळ बसून जेनकडे बोट दाखवत तिच्या रंगाचं, केसांचं कौतुक करतोय, कुजबुजून सांगतोय की मामीचे दागिने नव्याने घडवून तिच्या डोक्यात घालणार. ज्या मामीच्या भीतीने हे सगळं झालं तिचेच दागिने! मग कोणीतरी गावात औषधपाणी करणाऱ्या मिस्टर पेरींचं नाव काढतं. या नावावरून पूर्वी त्याची एक फजिती झाली होती: जेनने पत्रात कळवलेली गोष्ट तो चुकून सर्वांसमोर बोलून गेला होता आणि गुपित फुटता फुटता राहिलं होतं. त्याला ते आठवतं, आणि तो हसत सुटतो. जेनकडे बघतो, तिलाही आठवलंय का ते पडताळायला.

तिला आठवलेलं असतं. तिला क्षणभर हसूही येतं. मग ती त्याच्याकडे वळते आणि हळू पण ठाम आवाजात म्हणते की अशा आठवणी तुला सहन तरी कशा होतात याचंच मला नवल वाटतं. त्या अधूनमधून येणारच, पण तू त्यांना बोलावून आणतोस!

त्याच्याकडे यावर भरपूर उत्तरं होती, असं ऑस्टेन लिहिते, आणि ती मजेदारही होती. त्यांतलं एकही तिने छापलेलं नाही.